मनाच्या दवाखान्याची वाट

माझे थोरले बंधू शेतकरी आहेत. आमचे गाव भीमेच्या काठचे. चार वर्षांपूर्वी आमच्या डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला आणि लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले. तेव्हापासून दादांची झोप उडाली. पहाटे तीनला उठून ते ओसरीवर बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आले. माणसांतले बोलणे तुटले. ज्या बागेत ते दिवस उजाडायच्या आत जात, तिकडे त्यांचे पाऊल वळेना. असे सहा महिने चालले. अखेर वहिनींनी मला फोन केला, ‘भाऊजी, तुम्ही या. ह्यांना कुठंतरी दाखवू या.’

मी गेलो. मनाच्या डॉक्टरांना दाखवायचे ठरले. आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालय आहे, गावापासून ११ किलोमीटरवर. तेथे ठरलेल्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, हे मला ठाऊक होते. तो वार दोन दिवसांवर होता. तरी मी दादांना तेथे नेले नाही. एस.टी.त बसवून, तो तालुका मागे टाकून, ९० किलोमीटर दूरच्या शहरात नेले. शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा ‘पोटाचा विकार आहे, दुर्बीण घालून बघायचंय’ असे सांगितले. हे सांगणारा मी एम. ए. झालेला, मुलांना तर्कशास्त्र शिकवणारा माणूस.

आज मला त्या ९० किलोमीटरांविषयीच बोलायचे आहे. आजार दादांना होता. पण एवढा वळसा घालायला लावला तो माझ्या लाजेने. आणि असा वळसा घालणारा मी एकटा नाही. पुष्कळजण तर त्या वळशाच्या भीतीने घरातून निघतच नाहीत.

पानावर तेलकट ठिपका दिसला की दादा त्याच दिवशी कृषी सहायकाला फोन करीत. गावात चार जणांना पान दाखवीत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. झाडाला रोग पडला म्हणून झाड नालायक होते, असे कोणी म्हणत नाही. मग माणसाच्या मनावर ठिपका दिसला की आपण ते पान मुठीत का लपवतो?

ह्या लाजेची मुळे तीन आहेत, असे मला वाटते.

पहिले मूळ आपल्या बोलण्यात आहे. कोणी जरा वेगळे वागला की आपण थट्टेने म्हणतो, ‘ह्याला येरवड्याला पाठवा.’ मुंबईकडे म्हणतात, ‘ठाण्याला पाठवा.’ विदर्भात नागपूरचे नाव घेतात, कोकणात रत्नागिरीचे. महाराष्ट्रातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ह्या चार ठिकाणी आहेत. जेथे रोगी बरे व्हायला जातात, त्या ठिकाणांची नावे आपण शिवीसारखी वापरली. लहानपणापासून हे ऐकलेल्या माणसाला, स्वतःवर वेळ आल्यावर डॉक्टरांचे दार कसे उघडवेल?

दुसरे मूळ आहे, आजाराच्या कारणाविषयीची समजूत. करणी केली, बाहेरची बाधा झाली, कुळाचार चुकला, मागच्या जन्मीचे भोग आले. कारण असे धरले की आजारी माणूस रोगी राहत नाही. तो अपराधी तरी ठरतो किंवा अपशकुनी तरी.

तिसरे मूळ लग्नाचे. ‘त्या घराण्यात वेड आहे’ एवढे एक वाक्य पोरीचे स्थळ मोडायला पुरते. म्हणून आईबाप झाकतात, सासर झाकते, आणि रोगीसुद्धा स्वतःपासून झाकतो.

आता आजार म्हणजे काय, ते सरळ पाहू. दुःख आणि आजार ह्या दोन गोष्टी आहेत. पीक गेले, जवळचे माणूस गेले, की वाईट वाटणारच. न वाटले तरच नवल. चार दिवस जातात, माणसे येतात, हळूहळू मन कामाला लागते. पण उदासपणा, नाहीतर कशातच गोडी न वाटणे, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस जवळजवळ रोज टिकून राहिले. झोप, भूक, ताकद, लक्ष, सगळेच बिघडले. आपण निकामी आहोत असे सारखे वाटू लागले. रोजची कामे होईनात. तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. शहाण्या माणसाने तो डॉक्टरांना दाखवावा.

मनाचे आजार निरनिराळ्या तऱ्हांचे असतात. काहींत भीती दाटते, छातीत धडधडते, घाम फुटतो. काहींत एकच विचार आणि एकच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. काही थोडे आजार असे, की ज्यांत कोणी नसताना आवाज ऐकू येतात, नाही ते संशय खरे वाटतात. आपल्या डोळ्यांपुढे ‘मनोरुग्ण’ म्हटले की हा शेवटचाच रोगी उभा राहतो, तोही सिनेमात दाखवतात तसा, अंगावर धावून येणारा. प्रत्यक्षात बहुतेक मनोरुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. आणि डॉक्टरांकडे जाण्याजोगे जे आजार आहेत, त्यांत बहुसंख्य आजार दादांसारखे असतात. रोगी शेतात, शाळेत, स्वयंपाकघरात आपल्यासमोर वावरत असतो आणि आतून झिजत असतो.

हे किती लोकांना होते? बंगळूरच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मोठी पाहणी केली. पाहणीच्या वेळी दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना कोणता ना कोणता मनाचा विकार होता. ह्यात दारूसारखी व्यसनेही धरली आहेत. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता; पण आपली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. म्हणजे १,००० प्रौढ वस्तीच्या गावात शंभरेक माणसे. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोचणारा आहे. विकार कोणता ह्यावर कमीजास्त होते, पण १०० रोग्यांपैकी ७० पासून ९० च्या वरपर्यंत लोक उपचाराविना होते. डॉक्टर थोडे आणि दूर आहेत, हे ह्याचे एक कारण खरेच आहे. पण ११ किलोमीटरवर डॉक्टर असताना ९० किलोमीटर जाणारा माणूस तुमच्यासमोर बोलतो आहे. तेव्हा दुसरे कारणही तुमच्या ध्यानात आले असेल.

आता कोणी म्हणेल, ‘मनाला कसलं औषध? मन घट्ट केलं की झालं.’ मीही दादांना पहिले तीन महिने हेच सांगत होतो. ‘दादा, मन घट्ट कर. तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत.’ ह्याचा परिणाम एवढाच झाला, की दादांनी मला सांगणे बंद केले.

ह्या बाबतीत आपल्या ओळखीचे एक उदाहरण घ्या. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. रणात उभ्या असलेल्या अर्जुनाचे अंग कापू लागले, तोंडाला कोरड पडली, हातातून धनुष्य गळू लागले, उभे राहवेना, मन भ्रमल्यासारखे झाले. शेवटी तो रथात खाली बसला. त्या वेळच्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराची ही गत. आता पुढे काय घडले ते पाहा. श्रीकृष्णाने आधी त्याला टोचून बोलून पाहिले. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ, असे सांगितले. त्याने काम भागले नाही. अर्जुन उठला नाही. त्याने सांगितले की मला काही उमगत नाही, तूच मला वाट दाखव. मग पुढचा सगळा संवाद झाला आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत चालला. गीतेचा अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि अर्जुनाला रोग होता असेही मला म्हणायचे नाही. एवढेच दाखवायचे आहे, की नुसत्या कानउघाडणीने खचलेले मन उभे राहत नाही, हे आपल्या परंपरेला माहीत होते. आणि मदत मागितली म्हणून अर्जुनाला कोणी भ्याड म्हटले नाही.

मनाला औषध असते हेही आपल्या देशाला नवे नाही. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याकडे उन्मादावर फार काळापासून वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघांनी, उन्माद आणि रक्तदाब ह्यांवर तिचा उपयोग होतो, असा लेख लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळीतले द्रव्य वेगळे काढले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोरुग्णांना देऊ लागले आणि साऱ्या जगातल्या मनोरुग्णालयांचे चित्र पालटले. सर्पगंधेचे औषध मनाच्या आजारावर आता सहसा वापरीत नाहीत. त्याने काहींना उलट उदासीनता येते, म्हणून घरी तिचा प्रयोग कोणीही करू नये. त्याहून पुष्कळ सुरक्षित औषधे आज आहेत. मुद्दा वेगळा आहे. आजार जर करणीमुळे झाला असेल, तर एका झाडाची मुळी त्यावर कशी लागू पडेल? मेंदू हा शरीराचाच भाग आहे. यकृत बिघडते, फुप्फुस बिघडते, तसे मेंदूचेही काम बिघडते. त्यात थोडा भाग रक्तातून आलेला असतो, थोडा भाग परिस्थितीचा असतो, थोडा अंगावर पडलेल्या आघातांचा. दादांच्या बाबतीत बाग गेली हे निमित्त खरे. पण त्याच तेल्याने गावातल्या दहा जणांच्या बागा गेल्या आणि आजारी पडले एकटे दादा. एकाच पावसात भिजलेल्या दहा जणांपैकी एकालाच ताप येतो, तसे हे आहे. त्यात त्याचा दोष नसतो.

लाजेपायी आजार झाकला तर कोठवर जाते, ह्याची एक आठवण देशाने विसरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला पहाटे आग लागली. तेथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. आग लागल्यावर त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. ही माणसे कोणाचे तरी भाऊ, कोणाच्या तरी बहिणी होत्या. घरच्यांनी मोठ्या आशेने त्यांना तेथे ठेवले होते. कोणत्याही एका धर्माचा हा दोष नव्हे. असे बांधून ठेवणे सर्वच समाजांत चालत आले आहे. गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडलेला माणूस आपल्यापैकीही काहींनी पाहिला असेल.

आता कायदा बदलला आहे. मानसिक आरोग्याचा नवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून अमलात आला. मनोरुग्णाला कोणत्याही तऱ्हेने साखळीने बांधणे त्या कायद्याने मना आहे. सरकारी उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला माणूस गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखाली होता असे धरावे, असेही तो कायदा सांगतो. पूर्वी ज्या कलमाखाली अशा माणसाला शिक्षा होत असे, ते कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. आपल्या महाराष्ट्रात तर भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, बांधून ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पण कायद्याने साखळी निघते, लाज निघत नाही. ती कशाने निघते, ह्याचे उत्तर विदर्भातल्या काही गावांनी दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प चालला. त्याची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. कापसाच्या, कर्जाच्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी गाजलेला हा मुलूख. तेथे गावच्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या आणि झोप लागत नाही, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही, अशा लोकांच्याच शब्दांत बोलणे सुरू केले. थोडा त्रास असेल त्याला धीर दिला, अधिक असेल त्याला समुपदेशकाकडे आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे पोचवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते २७ झाले. म्हणजे सहापटींहून अधिक. गावे तीच, माणसे तीच, गरिबीही तीच. बदलली ती बोलण्याची रीत, आणि मदत चालत दाराशी आली.

शेजारच्या गोव्यानेही असाच एक धडा दिला आहे. तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या साध्या माणसांनी नैराश्याच्या रोग्यांशी ६ ते ८ बैठकांत बोलून उपचार केले. रोग्याने सोडून दिलेली कामे थोडी थोडी करून पुन्हा अंगवळणी पाडायची, असा तो उपचार. त्याने गंभीर नैराश्याच्या रोग्यांनाही गुण आला. ह्याचा अर्थ असा, की मदत म्हटली की दरवेळी मोठे रुग्णालय आणि गोळ्यांची पुडी असे नसते. पुष्कळदा नीट ऐकून घेणारे माणूस हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

आता जायचे कोठे, ते सांगतो. पहिली पायरी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र. गावच्या आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील. दुसरी पायरी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. आणि घरबसल्या बोलायचे असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ नावाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. शिक्षकांनी हा क्रमांक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. कोणाला उद्देशून नको. नुसता असू द्यावा.

तेथे गेल्यावर काय होते, ह्याचीच अनेकांना धास्ती असते. दादांनाही होती. त्यांना वाटले, विजेचे झटके देतील, नाहीतर कोंडून ठेवतील. प्रत्यक्षात केसपेपर काढला, बाकावर बसलो, नाव पुकारले. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, घरचे, शेतीचे, कर्जाचे विचारले. रक्ताची तपासणी करायला सांगितली, कारण थायरॉइडसारखा दुसरा विकारही माणसाला असाच मलूल करतो. अर्ध्या तासाने दादा बाहेर आले, ते म्हणाले, ‘एवढंच होतं?’ औषध रात्रीची एक गोळी. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, बरे वाटले तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, एवढी ताकीद दिली. नैराश्यावर नेमाने देतात त्या औषधांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. पण ती एकाएकी सोडली तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. आणि शेवटी डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला, ‘तुम्ही शिकलेले दिसता. सहा महिने का थांबलात?’ मला उत्तर देता आले नाही.

ज्यांची देवावर श्रद्धा आहे त्यांना मी देव सोडा असे सांगत नाही. गुजरातेत उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक आपली आजारी माणसे घेऊन तेथे जातात. तेथे ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यातले मुजावर प्रार्थना करतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरांकडेही पाठवतात. आपल्या गावच्या भगताने, देवऋषीनेही एवढे केले तर फार मोठे काम होईल. अंगारा लावायचा तर लावा. पण दवाखान्याची वाट अडवू नका.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. तुमच्यासमोर चाळीस-पन्नास मुले रोज बसतात. आईबापांच्याही आधी बदल तुम्हांला दिसतो. हसरा मुलगा एकदम गप्प झाला, चांगली लिहिणारी मुलगी वह्या कोऱ्या ठेवू लागली, मधल्या सुट्टीत कोणी एकटेच भिंतीशी बसू लागले, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या, तर आळशी, नाटकी असे शिक्के मारू नका. बाजूला घेऊन विचारा, ‘काय रे बाळ, हल्ली बरं वाटत नाही का?’ आणि गप्प बसून ऐका. वर्गासमोर चर्चा करू नका. रोगाचे नाव ठरवणे आपले काम नव्हे, ते डॉक्टरांचे. पालकांना बोलवाल तेव्हा तक्रारीच्या सुरात न बोलता काळजीच्या सुरात बोला. आणि वर्गात कोणी कोणाला ‘येडा’ म्हणून चिडवले, तर तेथेच थांबवा. लाजेचे पहिले मूळ तेथे रुजते, असे मी मघाशी म्हणालो.

एक गोष्ट जपून पण स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘माझ्यामागं घराकडं बघा’, ‘आता मी सुटतो’ अशी भाषा कोणी बोलू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, ‘जीव नकोसा झालाय का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला कोणी भेटले म्हणून भार हलका होतो. त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो अवघड क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.

दादांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. दीड महिन्याने ते झोपू लागले. तिसऱ्या महिन्यात बागेत गेले. पण माझ्या खोट्याचा निकाल वहिनींनी लावला. बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी विचारले, ‘भावजींच्या पोटाचं काय झालं?’ वहिनी म्हणाल्या, ‘पोटाचं नव्हतंच काही. मनाचा आजार झाला होता. गोळी चालू आहे, आता बरे आहेत.’ बैठकीत कोणी बोलले नाही. मला हे कळले तेव्हा मी रागावलोच. पुतणी लग्नाची होती. आणि माझी भीती अगदीच खोटी नव्हती. जमत आलेले एक स्थळ त्यामुळे मोडले. हे मी लपवीत नाही, कारण ह्या वाटेवर काही किंमत मोजावी लागतच नाही, असे सांगणे हेही खोटेच होईल. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘भाऊजी, बरं झालं, आधी कळलं. उद्या पोरीला तिथं ताप आला असता तर तोही झाकला असता त्यांनी.’ पुढे पुतणीचे लग्न झाले, सगळे सांगून झाले.

पण त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात दोन बायका वेगवेगळ्या वेळी आमच्या घरी आल्या. दोघींनी मागच्या दाराने येऊन हळू आवाजात एकच विचारले, ‘डॉक्टर कोणत्या वारी असतात?’

त्यानंतर मी दादांना तालुक्याच्याच रुग्णालयात नेऊ लागलो. पहिल्या खेपेला बाकावर आमच्याच गावचे एक गृहस्थ बसलेले दिसले. हे गृहस्थ दोन वर्षे कंबरेच्या दुखण्यासाठी तालुक्याला जातात, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे पाहिले. मग दादाच हसले आणि म्हणाले, ‘सरका जरा, बसू द्या.’ परत येताना तिघेही एकाच एस.टी.ने आलो. त्या दिवसापासून त्या गृहस्थांची कंबर बरी आहे.

श्रोतेहो, लाज सोडा असे सांगून कोणाची लाज सुटत नाही. माझीही सुटली नव्हती. ती सुटते कोणीतरी शेजारी येऊन बसल्यावर. तेव्हा आपल्या घरात, आळीत, वर्गात कोणाच्या मनावर असा ठिपका दिसला तर त्याला उपदेश करू नका. त्याला विचारा, ‘डॉक्टर अमुक वारी असतात. मी येऊ का सोबत?’ आणि खरेच सोबत जा. ९० किलोमीटरांची वाट ११ किलोमीटरांची होते ती अशीच.